पसारा सगळ्यांचा, मग डोकं एकटीचंच का दुखतं?

मागच्या अंकात मी विचारलं होतं की बाहेरून येऊन घरात पाऊल टाकलं की तुम्हाला नेमकं काय वाटतं ते कळवा, तर सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा सगळीकडनं भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडलीत. नावं कुणाचीच देत नाही, कारण घरातल्या गोष्टी आहेत आणि लोकांनी विश्वासाने लिहिलंय.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): ताई, मी बँकेत नोकरी करते, घरी यायला संध्याकाळचे सात वाजतात. दार उघडलं की सोफ्यावर कपडे, टेबलावर सकाळचे चहाचे कप तसेच, पोराची दप्तरं-वह्या सगळीकडे, सिंक भरलेलं. तिथनंच माझं डोकं फिरायला लागतं आणि मग मी पोरावर ओरडते. सासूबाई म्हणतात एवढं काय त्यात, आमच्या वेळी घरात दहा माणसं होती. मिस्टर म्हणतात तुला चिडायची सवयच लागलीय, पसाऱ्यानं कुणाला काही होत नसतं. खरंच पसाऱ्याचा मनावर परिणाम होतो का, की माझाच स्वभाव बिघडलाय?

उत्तर: तुमचा स्वभाव अजिबात बिघडलेला नाही, हे आधी सांगते. आणि हे फक्त तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, यावर चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि घरात मुलं अशी ३० जोडपी घेतली, त्यांना आपापलं घर फिरून दाखवायला सांगितलं, आणि दाखवताना कोण काय शब्द वापरतं ते नोंदवलं. सोबत काही दिवस त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं. कॉर्टिसोल म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन, ते साधारण सकाळी जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं, तसं ते उतरायलाच पाहिजे म्हणजे संध्याकाळी माणूस सैल होतो. तर २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात असं दिसलं की ज्या बायका आपल्या घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट राहिलेली कामं असं जास्त बोलत होत्या त्यांचं कॉर्टिसोल दिवसभरात नीट उतरत नव्हतं आणि दिवस पुढं सरकेल तसा त्यांचा मूडही जास्त खाली जात होता. नवऱ्यांमध्ये मात्र असा संबंध ठळकपणे दिसला नाही.

आता हा शेवटचा भाग तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. पसाऱ्यानं त्यांना काही होत नाही हे ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच होत नसेल. पण त्याचं कारण असं की त्यांना टेबलावर कप दिसतो आणि तुम्हाला तिथं काम दिसतं. कप उचलायचाय, घासायचाय, त्याखालचा डाग पुसायचाय, वह्या भरायच्यात, उद्याचा डबा आहे, भाजी आणलीच नाही. दारातनं आत यायला चार पावलं पण टाकली नसतील तोवर डोक्यात पंधरा कामांची यादी सुरू झालेली असते. ऑफिसमधनं सुटून तुम्ही दुसऱ्या ऑफिसला हजर होता, मग चिडचिड नाही होणार तर काय होणार?

आपल्या देशाचे आकडे पण आहेत. केंद्र सरकारनं २०१९ साली टाइम यूज सर्व्हे केला, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याचा. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात जात होता, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास! आणि सगळे पुरुष करतात असंही नाही, हे करणाऱ्यांचं सांगतेय.

म्हणून मला असं वाटतं, आणि हे मी या सदरात आधीही लिहिलंय, की स्वच्छ घरानं मन शांत होतं हे खरं, पण ते घर एकट्या बाईच्या जिवावर स्वच्छ राहत असेल तर बाकीच्यांचं मन शांत होतं आणि तिचं संपतं. तुमच्या पत्रावर मी अजून जास्त आवरा, सकाळी अर्धा तास लवकर उठा असला सल्ला देणार नाही. तुम्ही आवरताय तेवढं पुरे आहे.

सासूबाईंचं म्हणणं वाईट वाटून घेऊ नका, पण त्यांना प्रेमानं एक गोष्ट आठवून द्या की त्या वेळी घरात दहा माणसं होती तसे वीस हात पण होते, आणि वस्तू किती होत्या? एका वलणीवर सगळ्या घराचे कपडे मावायचे. आज एकट्या पोराच्या वस्तूंनी एक खोली भरते. तुलना करायची तर सगळीच करायला पाहिजे ना.

आता करायचं काय. एखाद्या रविवारी सगळे घरात असताना बसा आणि घरातली कामं मोठ्यानं बोलून कागदावर लिहा, अगदी गॅसचा नंबर लावणं, पोराचे युनिफॉर्म, दूधवाल्याचा हिशेब, सगळं. मग एकेक काम एकेकाच्या नावावर करा, आणि नावावर म्हणजे पूर्ण नावावर, त्याची आठवण ठेवणं पण त्यातच आलं. "तू सांग, मी करतो" हे चालणार नाही, कारण सांगायची जबाबदारी उरली की निम्मं काम तुमच्याच डोक्यात उरतं. मिस्टरांकडे संध्याकाळचं सिंक द्या. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असेल तर आपलं दप्तर, वह्या, जेवलेलं ताट हे त्याचंच, त्यात शंका नको. कुणी म्हणालं मुलाला काय कामं लावता, तर त्यांना आपल्या साताऱ्याचं उदाहरण द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची आणि आपली कामं आपणच करायची, आणि त्यातनं केवढी मोठी माणसं घडली. आणि गाडगेबाबा तर हातात झाडू घेऊनच गावात शिरायचे, आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी, तेव्हा ते ग्रामविकास मंत्री होते. आपल्या भागात झाडू हातात घेतल्यानं पुरुषाची मान खाली जाते असं म्हणायला काही आधारच नाही.

आणि तुम्ही यायच्या आधी घरात जे कुणी असतील त्यांनी फक्त तीन जागा मोकळ्या करायच्या, दारातनं दिसणारी जागा, जेवायचं टेबल आणि सिंक. बाकी घर कसंही असू दे. घरात शिरताना नजर जिथं पहिल्यांदा पडते तिथं मोकळं असलं की खूप फरक पडतो, करून बघा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बसल्या जागी कपड्यांच्या घड्या घालणं त्यांना जमेल, आणि बऱ्याच आज्यांना असं काहीतरी आपल्याकडं असलेलं आवडतं पण. तुम्ही आल्यावर आधी बसायचं, चहा प्यायचा, मग उठायचं. या पंधरा-वीस मिनिटांत कुणी तुम्हाला काही विचारायचं नाही हे पण त्या कागदावर लिहून टाका.

प्रश्न (गावभाग, सांगली): आमचं घर जुनं आहे, वडिलोपार्जित. २०१९ च्या पुरात खालचा मजला सगळा बुडाला, २०२१ ला परत पाणी आलं. तेव्हापासून दोन वेळा रंग काढला तरी भिंतीचे पोपडे सुटतात, खाली पांढरं मिठासारखं फुटतं, पावसाळ्यात कुबट वास येतो. मुलगी सारखी खोकते. घर कितीही झाडा-पुसा, स्वच्छ झाल्यासारखं वाटतच नाही, घरात बसावंसं वाटत नाही. त्यात आईनं तेव्हापासून निम्मं सामान बोचकी बांधून माळ्यावर ठेवलंय ते खालीच येऊ देत नाही, नवीन पातेली, चादरी सगळं वर, आणि आम्ही खाली फुटक्या डब्यात. काही बोललं की रडते. काय करावं?

उत्तर: तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं, कारण नदीकाठच्या कितीतरी घरांची ही कथा आहे, मारुती चौकापासून सांगलीवाडीपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, जिथं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. घरातनं पाणी गेलं, चिखल काढला, लोकांनी येऊन भांडीकुंडी दिली, पण भिंतीतलं पाणी आणि मनातलं पाणी इतक्या लवकर जात नाही.

भिंतीचं आधी बोलू कारण मुलीचा खोकला त्याच्याशी जोडलेला असू शकतो. ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, दम्याचा त्रास जास्त होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या घरातल्या हवेबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय. तेव्हा मुलीला आधी डॉक्टरांना दाखवा आणि घरात ओल आहे हे आवर्जून सांगा, नाहीतर नुसती सिरपची बाटली हातात पडते.

ते पांढरं मिठासारखं म्हणताय ते खरंच क्षार आहेत. भिंत पाणी ओढून घेते, जमिनीतनं पण आणि पुराचं मुरलेलं पण, मग ते पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार तिथंच राहतात, ते फुगले की रंगाचा पोपडा ढकलून बाहेर काढतात. आता अशा भिंतीवर ऑइलपेंट किंवा चकचकीत प्लास्टिकचा रंग मारला की पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, मग ते दुसरीकडनं फुटतं. दोन वेळा रंगाचे पैसे गेले ते यामुळं गेले असणार. जुनी भिंत मातीची किंवा चुन्याची असेल आणि वरनं सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर तर हे होतंच होतं.

त्यामुळं आता रंगाचं नाव काढू नका. ओल जिथपर्यंत चढलीय त्याच्यावर हातभर जागा धरून तो खराब गिलावा काढून टाका, आणि मार्च ते मे पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळू द्या, दिसायला वाईट दिसेल, पाहुणे काय म्हणतील ते म्हणू देत. पांढरे क्षार कोरड्या ब्रशनं झाडून काढा, पाण्यानं धुऊ नका नाहीतर परत आत मुरतात. मात्र काळी-हिरवी बुरशी असेल तिथं बरोबर उलटं, ती कोरडी घासायची नाही, कारण त्याचे कण सगळ्या घरात उडतात. तिथं तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून, मुलीला बाहेर पाठवून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं टाकून द्यायचं. भिंत वाळल्यावर जुन्या बांधकामाची माहिती असलेला गवंडी बघा, चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी करून घ्या, भिंत श्वास घेऊ शकली पाहिजे. आणि कपाटं, दिवाण भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी लांब. बाहेरच्या बाजूनं पन्हाळीचं पाणी, बाथरूमचं पाणी भिंतीच्या पायात जात नाही ना ते बघा, ते जात असेल तर वरचं सगळं वाया. पावसाळ्यात ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, एवढं साधं पण घरात कुणी पाळत नाही.

गाद्यांचं पण सांगते, पुरात भिजलेली कापसाची गादी वाळवून परत वापरत असाल तर ती काढून टाका. जीव तुटतो मान्य आहे, पण ती आतनं कधीच नीट वाळलेली नसते.

आता आईचं. तुम्हाला तो पसारा वाटतो पण आईंना ती बोचकी म्हणजे तयारी वाटते, की यावेळी तरी माझं घर पाण्यात जाणार नाही. त्यांनी एकदा नाही दोनदा आपला संसार चिखलात बघितलाय. तेव्हा "आता काय परत येणार नाही पूर" असं त्यांना सांगू नका, कारण ते तुम्हाला तरी कुठं माहितेय, आणि त्यांनाही कळतं की तुम्ही नुसतं समजूत काढताय. त्याऐवजी त्यांच्याबरोबर बसून ठरवा की आपण सामान केव्हा वर न्यायचं. आयर्विनची पातळी पावसाळ्यात रोज कळते, कोयनेतनं किती विसर्ग सोडलाय ते पण कळतं. समजा पातळी ३० फुटांवर गेली की आपण सुरुवात करायची, ३५ ला गॅस सिलिंडर आणि फ्रीज, ४० ही इशारा पातळी आहे, त्याच्या आत आईंना नातेवाइकांकडे पोचवायचं. हे आकडे तुमच्या घराच्या उंचीप्रमाणं तुम्ही ठरवा आणि फ्रीजवर चिकटवा. कागदपत्रं, सोनं, औषधं, फोटो एवढं एका प्लास्टिकच्या पेटीत कायम वर राहू दे, त्याला हात लावायचा नाही. बाकीचं हळूहळू खाली येईल. सुरुवात आईंना ज्याची आवड आहे त्यापासनं करा, एखादं पितळी पातेलं, देवाची समई, चांगली वाकळ, आणि ती वस्तू रोजच्या वापरात आणा. सगळी बोचकी एका दिवसात सोडायचा हट्ट धरू नका.

ऑगस्ट जवळ आला की आईंची झोप उडत असेल, नुसता पावसाचा आवाज आला तरी छातीत धडधडत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. पुरानंतर वर्षानुवर्षं असा त्रास राहू शकतो आणि त्याला उपचार आहेत.

प्रश्न (कराड, मूळ गाव पाटण तालुक्यात): मी इथं रूमवर राहून कॉलेज करतो. रूमवर आम्ही तिघं. रूमची हालत खूप बेकार आहे, अभ्यासाला बसायची इच्छाच होत नाही. गेल्या दोन महिन्यांपासून तर मी अंघोळ पण टाळतो, मेसला जायचा कंटाळा येतो, नुसतं पडून फोन बघतो. घरी आई म्हणायची खोली आवर म्हणजे अभ्यासात लक्ष लागेल. खरंच तसं असतं का?

उत्तर: अरे बाळा, तुझ्या पत्रात रूमपेक्षा मला दुसऱ्याच ओळींची काळजी वाटली. अंघोळ टाळणं, जेवायला जायचा कंटाळा, नुसतं पडून राहणं आणि तेही दोन महिने, हा आळस नसतो. कधीकधी पसाऱ्यामुळं मन खचतं आणि कधीकधी मन खचल्यामुळं पसारा होतो, तुझं दुसरं वाटतंय. कुणाशी तरी बोल, कॉलेजात विश्वासाचे सर किंवा मॅडम असतील त्यांच्याशी, घरी आईशी, किंवा १४४१६ ला फोन कर, ती टेलिमानस नावाची सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची पण गरज नाही. डोक्यात स्वतःला संपवायचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नको, आजच फोन कर आणि रूममधल्या एकाला तरी सांग.

आईचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, डोळ्यापुढं खूप वस्तू असल्या की मेंदूला त्या प्रत्येकीला बाजूला सारून एकीवर लक्ष ठेवायला जास्त कष्ट पडतात. पण पसाऱ्यात काहीच होत नाही असंही नाही हं, २०१३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथलीन व्होज यांनी केलेल्या प्रयोगात आवरलेल्या खोलीत बसलेल्या लोकांनी चॉकलेट सोडून सफरचंद जास्त वेळा निवडलं, आणि पसरलेल्या खोलीत बसलेल्यांना नवीन कल्पना जास्त चांगल्या सुचल्या. तेव्हा रूम लख्ख नाही म्हणून आपण वाया गेलो असं मनाशी घेऊन बसू नको.

सगळी रूम आवरायची नाहीये तुला. सकाळी उठलास की अंथरुण गुंडाळून बाजूला ठेव आणि खिडकी उघड, बास. उष्टी ताटं आणि ओला कचरा मात्र रूममध्ये रात्रभर ठेवू नका, तिघांनी पाळी लावा. आणि अंथरुणावर अभ्यास करू नको, खाली चटई टाकून बस पण जागा वेगळी पाहिजे.

प्रश्न (शाहूपुरी, सातारा): माझ्या पत्नीला स्वच्छतेची आवड पहिल्यापासून होती पण कोरोनानंतर फारच वाढलंय. भाजी, दुधाची पिशवी, नोटा सगळं धुते. दिवसातनं चार वेळा फरशी, फिनेल वेगळं, ॲसिड वेगळं, ब्लीचिंग वेगळं. हाताची सालं निघालीत. मुलांना शाळेतनं आल्यावर सोफ्यावर बसू देत नाही, कुणी पाहुणे आले की गेल्यावर सगळं परत धुते. घर आरशासारखं आहे पण घरात कुणी हसत नाही.

उत्तर: दादा, आधी जिवाचं. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड कधीच एकत्र किंवा एकामागोमाग एकाच जागी टाकायचं नाही, त्यातनं क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसाला मोठी इजा करू शकतो. हे आज संध्याकाळीच घरात सांगा, जमलं तर ॲसिडची बाटली घरात आणूच नका. साधा साबण आणि पाणी रोजच्या फरशीला भरपूर झालं.

आता दुसरं. तुम्ही जे लिहिलंय ती आवड राहिलेली नाही, तुमच्या बायकोला त्यात आनंद होत नसणार, भीती वाटते म्हणून त्या धुतात, धुतलं की थोडा वेळ बरं वाटतं आणि परत भीती. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. पक्कं निदान डॉक्टरच करतील, पण हातांची सालं जाईपर्यंत धुणं आणि मुलांच्या बसण्या-उठण्यावर बंधनं येणं हे दाखवायला जायचं पुरेसं कारण आहे. यावर औषधं आहेत आणि एक प्रकारची थेरपी आहे, ज्यात त्या भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि न धुता थांबायचं असं हळूहळू शिकवतात. बऱ्याच लोकांना यानं चांगला फरक पडतो. साताऱ्यात सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा, नाहीतर खाजगी मानसोपचार तज्ज्ञ आहेत.

घरात दोन गोष्टी करू नका. रागावू नका, "वेड लागलंय" असं तर अजिबात बोलू नका, त्या आधीच लाजेनं अर्ध्या झालेल्या असतील. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या समाधानासाठी तुम्ही पण सगळं धुवायला लागू नका, मुलांना पण लावू नका, त्यानं भीती कमी होत नाही उलट पक्की होते. यातला दुसरा भाग एकदम करायला जाऊ नका, डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानं. मुलांना मात्र एवढं नक्की सांगा की आईला एक आजार झालाय, तुमची चूक काही नाही.

प्रश्न (मिरज): आमच्याकडं पाणी सांभाळून वापरावं लागतं म्हणून बॅरल, घागरी भरून ठेवतो. घर स्वच्छ असतं, पाणी पण स्वच्छ असतं, झाकलेलं असतं, तरी गेल्या वर्षी घरात दोघांना डेंगी झाला. असं कसं?

उत्तर: डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, घर चकाचक असण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. आणि तो अंडी पाण्याच्या कडेला बॅरलच्या आतल्या भिंतीवर चिकटवतो, बॅरल रिकामं करून कोरडं ठेवलं तरी ती महिनोन्महिने टिकतात आणि परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. आठवड्यातला एक वार ठरवा, सगळं रिकामं करून आतनं काथ्यानं किंवा ब्रशनं खरखरून घासा, मग भरा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला. झाकण घट्ट बसत नसेल तर वरनं कापड बांधा. कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं टायर पण बघा.

प्रश्न (तासगाव): माझं वय ७४. यजमान गेले, मुलं पुण्याला. नवरात्र जवळ आलं की माझा जीव वर-खाली होतो, कारण घटस्थापनेच्या आधी सगळं घर काढून धुवायची आमची पद्धत, आता होत नाही. मागच्या वर्षी स्टुलावर चढून माळा झाडला. यंदा गुडघे नाही म्हणतात. घर नीट नसलं की देव बसवावासा वाटत नाही, मन खातं.

उत्तर: आजी, नमस्कार करते तुम्हाला. पहिलं एक वचन द्या, स्टुलावर चढायचं नाही. यंदा नाही आणि पुढं पण नाही. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर कितीतरी माणसं परत पहिल्यासारखी चालत नाहीत, आणि तुम्ही एकट्या आहात, पडलात तर कळायला पण वेळ जाईल.

यंदा सगळं घर नको. देवघर आणि जिथं घट बसवता तेवढा कोपरा, तो तुम्ही तुमच्या हातानं बसून पुसा, देवाची भांडी बसल्या जागी चिंच लावून घासा, त्यात तुमचं मन पण रमेल. बाकीच्या घराला दोन दिवस एखादी बाई लावा, पैसे मुलांकडनं घ्या, संकोच करू नका.

आणि झाडण्या-पुसण्याच्या आधी मला तुमच्या घरातलं हे करून हवंय. पलंगापासनं संडास-बाथरूमपर्यंतची वाट पूर्ण मोकळी, मध्ये पाट नाही, बादली नाही, वायर नाही, सुटं पायपुसणं नाही, पाय अडकून पडतं माणूस. त्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. बाथरूममध्ये धरायला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या, प्लंबर किंवा गवंडी अर्ध्या दिवसात बसवून देईल. फरशी ओली असताना चालू नका, बाईला सांगा की पुसल्यावर पंखा लावून वाळली की मगच तुम्हाला हाक मारायची. रोज लागणारे डबे कमरेपासनं खांद्यापर्यंतच्या फळीवर आणून ठेवा, म्हणजे वाकायला नको आणि चढायला पण नको.

माळ्यावरचं सगळं तसंच राहू दे. दिवाळीला मुलं येतील तेव्हा मुलाला वर चढवा आणि तुम्ही खाली खुर्चीत बसून काय ठेवायचं काय द्यायचं ते सांगा. पितळेची मोठी भांडी सुनेला आणि लेकीला आत्ताच वाटून टाकलीत तरी चालेल, त्यांची गोष्ट सांगत सांगत द्या. आणि दांडा बसवला की मला कळवा, आजी, मी वाट बघतेय.